युद्ध झोपेत शिरतं तेव्हा

शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेऊन हस्तिनापुराबाहेर येतो आणि त्याच्या जन्माचं रहस्य त्याला सांगतो. तू थोरला पांडव आहेस, आमच्याकडे ये, राज्य तुझंच आहे, असं त्याचं म्हणणं. कर्ण नकार देतो. कुंती, राधा, अधिरथ, दुर्योधनाचं खाल्लेलं मीठ, ही त्याच्या नकाराची कारणं मराठी घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतात. पण उद्योगपर्वातल्या याच संवादाच्या शेवटी कर्ण कृष्णाला एक स्वप्न सांगतो. त्या स्वप्नाची आठवण सहसा निघत नाही.

स्वप्नात युधिष्ठिर भावांसह हजार खांबांच्या प्रासादावर चढतो आहे. सगळ्यांची पागोटी पांढरी, वस्त्रं पांढरी. पृथ्वी रक्ताने माखलेली. मग युधिष्ठिर हाडांच्या ढिगावर बसलेला दिसतो. सोन्याच्या पात्रातून तो तूप घातलेली खीर खातो आहे आणि मोठ्या आनंदात आहे. भीम गदा घेऊन उंच कड्यावर उभा. कौरवांकडे अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा या तिघांचीच पागोटी पांढरी, बाकी सगळ्यांची लाल. भीष्म, द्रोण, दुर्योधन आणि स्वतः कर्ण उंट जोडलेल्या गाडीतून दक्षिणेला, यमाच्या दिशेला, निघालेले.

भाकीत म्हणून पाहिलं तर यातलं सारं खरं ठरतं. कौरवांकडचे ते तिघेच शेवटी जगतात. पण माझी नजर अडकते ती हाडांच्या ढिगावर बसून खीर खाणाऱ्या धर्मराजावर. विजयाचं इतकं उघडं चित्र महाभारतात दुसरीकडे क्वचितच सापडेल. राज्य हाती आल्यावर शांतिपर्वात जो युधिष्ठिर ‘हे राज्य नको’ म्हणत शोक करतो, त्याच्या शोकाचं मूळ व्यासांनी युद्धाआधीच शत्रूपक्षातल्या एका माणसाच्या झोपेत दाखवून ठेवलं आहे. स्वप्न सांगून झाल्यावर कर्ण कृष्णाला घट्ट मिठी मारतो, त्याच्या रथातून उतरतो, आपल्या रथात बसतो आणि परत जातो. त्याला दिसलं होतं आणि कळलंही होतं, तरी पाऊल वळलं नाही.

या पुस्तकाचा विषय आहे तो या दोहोंच्या मधला: युद्ध स्वप्नात दिसणं, आणि जागेपणी त्याचं काय करायचं ते ठरवणं. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. युद्ध करावं की करू नये याचा निवाडा स्वप्न देत नाही. ते फक्त आपल्याला बघ्यांच्या गर्दीतून उठवतं आणि युद्धाच्या आत नेऊन उभं करतं. तिथून काय दिसलं याचा विचार मात्र डोळे उघडे ठेवून, चारचौघांत, आपला आपल्यालाच करावा लागतो. तो केला तर एका रात्रीचं स्वप्न माणसाच्या राजकीय शहाणपणाचा भाग होऊ शकतं. केला नाही तर ते सकाळच्या चहाबरोबर विरून जातं.

या विषयाकडे मी 2025 च्या उन्हाळ्यात वळले. 22 एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरन पठारावर 26 माणसांना गोळ्या घालून मारलं गेलं. त्यांतले सहा महाराष्ट्रातले होते. 7 मेच्या पहाटे भारताने सीमेपलीकडे हल्ले केले आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाच्या सरावाचे भोंगे वाजले. आमच्या आधीच्या पिढीला 1971 चे काचांवर चिकटवलेले काळे कागद आणि मोटारींचे अर्धे काळे केलेले दिवे आठवले. माझ्या पिढीला आठवायला काही नव्हतं, म्हणून आम्ही दूरदर्शन संचापुढे बसलो. पुढच्या रात्री वाहिन्यांवर नकाशे, बाण आणि ओरडणारे निवेदक होते. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या आल्या आणि खोट्या ठरल्या. पूंछमध्ये मात्र तोफगोळे खरे होते, त्यांनी मेलेली शाळकरी मुलंही खरी होती, आणि त्या गदारोळात ती बातमी कधी येऊन गेली ते कळलंही नाही.

त्याच आठवड्यात मला एक स्वप्न पडलं. वैशाखाचं ऊन आहे. जुन्या घराची गच्ची. जुनेर अंथरून त्यावर कुरडया घातल्या आहेत, अजून ओल्या, बोट लावलं तर चिकटतील अशा. शेजारच्या गच्चीवर एक बाई बसून सोऱ्या फिरवते आहे. तिची गच्ची सीमेपलीकडे आहे हे मला माहीत आहे. स्वप्नात जसं सगळं आधीपासून माहीत असतं, तसं. मधे फक्त कमरेएवढा कठडा. भोंगा वाजतो. ती मान वळवून विचारते, “तुमच्या वाळल्या का हो?” माझ्या हातात काळ्या जुन्या फोनचा रिसीव्हर आहे. त्यातून एक सभ्य, बिनघाईचा आवाज विचारतो, “कुठली गच्ची?” मी म्हणते, “शेजारची.” आवाज म्हणतो, “खूण सांगा.” मी तिच्या कुरडयांकडे बघते. त्या माझ्या कुरडयांसारख्याच आहेत. काय खूण सांगावी ते मला कळत नाही, आणि तरीही मी काहीतरी सांगते.

जाग आली तेव्हा मी घाबरलेली नव्हते, आणि त्याचंच मला जास्त वाटलं. स्वप्नात मी फोनवरच्या त्या आवाजाला मदत करायला उत्सुक होते. पहलगामच्या मारेकऱ्यांना शासन व्हावं असं मला आधीही वाटत होतं, आजही वाटतं. स्वप्नाने ती इच्छा पुसली नाही. तिच्या शेजारी त्याने काही प्रश्न आणून ठेवले. खूण कोण सांगतं? कुणाच्या माहितीवर? चुकीची सांगितली तर जबाब कुणाला द्यायचा? मी बंदूक हाती घेतलेली नाही, पण कर भरते, मत देते, संचापुढे बसून बातमीची पत वाढवते. त्या दूरवरच्या निर्णयात माझा वाटा किती, हा प्रश्न मी तोवर स्वतःला कधी गंभीरपणे विचारला नव्हता. आपल्यासारख्याच काळात, आपल्यासारख्याच गोंधळात, इतरांनी तो कसा विचारला ते शोधू लागले आणि त्या शोधातून हे पुस्तक झालं.

शोधात सर्वांत आधी भेटले ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. हे केंब्रिजमधले डॉक्टर आणि मानववंशशास्त्रज्ञ. निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी लिहिलेला ग्रंथ 1906 साली प्रसिद्ध झाला, त्यामुळे आपल्याकडच्या अभ्यासकांना त्यांचं नाव अपरिचित नाही. पहिल्या महायुद्धात, पन्नाशी उलटल्यावर, ते एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात सैन्याचे डॉक्टर म्हणून रुजू झाले. फ्रान्सच्या खंदकांतून मन मोडून आलेले अधिकारी तिथे ठेवले जात. कुणाची वाचा अडखळे, कुणाचे हात कापत, आणि रात्र झाली की वॉर्डांतून किंकाळ्या ऐकू येत. त्या काळी अशा माणसाला सर्रास सल्ला मिळे: विसरा, मन दुसरीकडे गुंतवा. रिव्हर्सना दिसलं की दिवसा दडपलेली आठवण रात्री दुप्पट जोराने परत येते. 1918 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी हे मांडलं.

त्या निबंधातल्या एका अधिकाऱ्याची हकिकत अशी. स्फोटानंतर तो आपल्या मित्राला शोधायला गेला आणि त्याला मित्राच्या देहाचे तुकडे सापडले. डोकं आणि हातपाय धडापासून वेगळे झालेले. तेव्हापासून रोज रात्री तो मित्र स्वप्नात यायचा, कधी छिन्नविच्छिन्न, कधी महारोग्यासारखा, आणि जवळजवळ सरकायचा. झोपायचीच भीती बसली. रिव्हर्सनी त्याला ती आठवण टाळायला सांगितलं नाही. त्यांनी तिच्यातली एक बाजू त्याच्यापुढे ठेवली: देहाची ती अवस्था सांगते की मृत्यू तत्क्षणी आला, तुझ्या मित्राला यातना भोगाव्या लागल्या नाहीत. तो अधिकारी म्हणाला, असा विचार मनात आणता येईल. पुढे काही रात्री स्वप्न पडलंच नाही. मग एकदा पडलं. त्यात तो पुन्हा मित्राला शोधायला निघाला, पुन्हा ते छिन्न शरीर सापडलं, पण या वेळी तो त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि घरच्यांना पाठवण्यासाठी मित्राच्या वस्तू गोळा करू लागला. नंतरच्या एका स्वप्नात तो मित्राशी बोललाही.

ही हकिकत मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. झालेलं काहीच बदललं नाही, देह जोडला गेला नाही. फक्त स्वप्न पाहणारा त्या जागेवरून पळून न जाता तिथे बसला आणि त्याच्या हातांना काम मिळालं. मृताचं देणं त्याच्या घरी पोचवण्याचं काम. युद्धाबद्दलचा पुढचा सारा विचार इथूनच सुरू व्हावा असं मला वाटतं.

रिव्हर्सची गोष्ट इथे संपत नाही. 1917 च्या जुलैत सिगफ्रीड ससून हा शौर्यपदक मिळवलेला कवी-अधिकारी क्रेगलॉकहार्टमध्ये दाखल झाला. हे युद्ध ज्यांच्या हातात थांबवणं आहे तेच ते मुद्दाम लांबवत आहेत, असं जाहीर पत्रक त्याने काढलं होतं आणि त्या महिनाअखेर ते ब्रिटिश संसदेत वाचलं गेलं. लष्करी न्यायालयाचा बोभाटा नको म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवण्यात आलं. त्याला पुन्हा आघाडीवर जायला तयार करणं हे रिव्हर्सचं काम. ससूनशी बोलणी चालू असताना स्वतः रिव्हर्सनाच एक स्वप्न पडलं आणि त्यांनी आपल्या रुग्णांची स्वप्नं जशी उलगडली तसंच तेही उलगडलं. त्यांच्या ‘कॉन्फ्लिक्ट अँड ड्रीम’ या पुस्तकात ते ‘शांतिवादी’ स्वप्न म्हणून नोंदलं आहे. गणवेशातला डॉक्टर म्हणून शत्रूचा पाडाव होईपर्यंत लढाई चालावी हीच त्यांची अधिकृत भूमिका. पण तहाची बोलणी व्हावीत की काय, रुग्ण म्हणतो त्यात तथ्य आहे की काय, ही शंका त्यांच्या आत घर करून होती आणि स्वप्नाने ती उघडी केली.

ससून नोव्हेंबरात परत सैन्यात रुजू झाला. त्याच इस्पितळात त्याच्याशी मैत्री जमलेला तरुण कवी विल्फ्रेड ओवेन 4 नोव्हेंबर 1918 रोजी, युद्धबंदीला एक आठवडा उरला असताना, मारला गेला. माणसं बरी करायची ती पुन्हा मरायला पाठवण्यासाठी, हा पेच रिव्हर्सनी लपवला नाही. युद्धानंतर, आयुष्यभर प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात रमलेल्या या माणसाने मजूर पक्षातर्फे लंडन विद्यापीठाच्या जागेसाठी संसदेची उमेदवारी स्वीकारली. 1922 च्या जूनमध्ये, निवडणुकीआधीच, ते वारले. स्वप्नावरचं ते पुस्तक त्यांच्या मागे 1923 साली निघालं. स्वप्नापासून मतपेटीपर्यंतचा रस्ता इतक्या सरळपणे चालून गेलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

रिव्हर्सपुढे आलेले लोक युद्ध भोगून आले होते. शार्लोट बेरात या बर्लिनच्या ज्यू पत्रकार बाईंनी जी स्वप्नं गोळा केली ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. 1933 साली हिटलर सत्तेवर आल्यापासून त्या ओळखीपाळखीच्या लोकांना, शिंपिणीला, शेजाऱ्याला, दूधवाल्याला, बेताने विचारत राहिल्या: रात्री काय दिसतं? सुमारे तीनशे स्वप्नं जमली. नोंदी त्यांनी सांकेतिक भाषेत ठेवल्या. हिटलरला ‘हान्समामा’, अटकेला ‘फ्ल्यू’. कागद पुस्तकांच्या बांधणीत लपवले, मग परदेशातल्या मित्रांना पाठवले. 1939 साली त्या स्वतः देश सोडून गेल्या. पुस्तक जर्मनमध्ये निघायला 1966 उजाडलं.

त्यातला एक कारखानदार स्वप्न पाहतो की गोबेल्स त्याच्या कारखान्यात आला आहे आणि कामगारांसमोर त्याला सलामीसाठी हात वर करायचा आहे. हात इंच इंच वर चढतो, त्याला अर्धा तास लागतो. हात वर गेल्यावर गोबेल्स म्हणतो, मला तुमची सलामी नको. आणि हा तसाच, हात वर, आपल्याच माणसांपुढे. हे स्वप्न हिटलर सत्तेवर आल्यानंतर तिसऱ्या दिवशीचं आहे. 1934 मधला एक डॉक्टर दिवसभराचं काम आटोपून सोफ्यावर पुस्तक वाचत पडला असताना त्याच्या खोलीच्या भिंती नाहीशा होतात, सगळ्या घरांच्या होतात, आणि कर्ण्यावरून पुकारा होतो की या महिन्याच्या 17 तारखेच्या हुकुमानुसार भिंती रद्द. त्याने ते स्वप्न लिहून ठेवलं. पुढे त्याला स्वप्न पडलं की स्वप्नं लिहिल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला आहे.

विश्राम बेडेकरांच्या 1939 च्या ‘रणांगण’ या कादंबरीमुळे त्या काळचे देशोधडीला लागलेले जर्मन ज्यू मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत. देश सोडून जाणाऱ्या बोटीवर चढण्याआधी या माणसांच्या झोपेचं काय झालं होतं, ते बेरात यांच्या नोंदींतून कळतं. पोलंडवर फौजा 1939 च्या सप्टेंबरात चालून गेल्या, पण घराच्या भिंती 1934 सालीच पडल्या होत्या. युद्धाची तयारी दारूगोळ्याच्या कारखान्यात होते तशी ती सामान्य माणसाचा हात हळूहळू वर उचलण्यातही होते. हात वर जात असतानाच त्याला ते जाणवलं, तर अजून वेळ असतो. या पुस्तकातलं बर्लिनवरचं प्रकरण म्हणूनच मी सर्वांत मोठं ठेवलं आहे.

तिसरा मुक्काम जपान. अकिरा कुरोसावा यांच्या 1990 च्या ‘ड्रीम्स’ या चित्रपटात आठ स्वप्नं आहेत. त्यातल्या बोगद्याच्या स्वप्नात युद्ध संपल्यावर एक सेनाधिकारी एकटा घराकडे चालला आहे. बोगद्याच्या तोंडाशी अंगाला स्फोटकं बांधलेला कुत्रा त्याच्यावर गुरगुरतो. बोगदा पार करून तो बाहेर पडतो तोच मागून बुटांचा आवाज येतो आणि निळ्या पडलेल्या चेहऱ्याचा शिपाई नोगुची पुढे येऊन उभा राहतो. आपण मेलो आहोत हे त्याला पटत नाही. घरी जाऊन आईच्या हातचं गोडधोड खाल्ल्याचं त्याला लख्ख आठवतं. अधिकारी सांगतो, ते तू गोळी लागल्यावर पाहिलेलं स्वप्न होतं, थोड्याच वेळात तू माझ्या हातांवर प्राण सोडलास. दूर डोंगरात एक दिवा लुकलुकतो. नोगुची म्हणतो, ते माझं घर, आईवडील अजून वाट बघताहेत. मग सगळी पलटण बोगद्यातून बाहेर येते. अधिकारी त्यांच्यापुढे मान्य करतो की दोष युद्धाच्या वेडेपणावर ढकलता येईल, पण तुम्हाला मरणाकडे मी पाठवलं. शेवटी त्यांना परत फिरवण्यासाठी त्याच्याजवळ एकच गोष्ट उरते: हुकूम. तो हुकूम देतो आणि मेलेली पलटण शिस्तीत वळून काळोखात जाते.

कुरोसावा स्वतः कधी लढाईवर गेले नव्हते. या चित्रपटाच्या कामात त्यांच्यासोबत असलेले त्यांचे जुने स्नेही, ‘गॉडझिला’चे दिग्दर्शक इशिरो होंडा, हे मात्र कित्येक वर्षं चीनमध्ये शिपाई म्हणून राहिले होते. न लढलेल्या माणसाने लढलेल्यांचं ओझं स्वप्नाच्या रूपात स्वतःच्या खांद्यावर घेतलं, त्यात मला या कलाकृतीचं मोठेपण दिसतं. आणि त्या स्वप्नात जपान हा फक्त बळी नाही. हुकूम देणारा तोच आहे. ज्या देशावर दोन अणुबॉम्ब पडले त्या देशातल्या कलावंताने ही बाजू दाखवायला धैर्य लागतं.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. स्वप्न शांततेच्याच बाजूने बोलतं असं समजू नये. हेरोडोटसने पर्शियाच्या झर्क्सिसची कथा सांगितली आहे. ग्रीसवर स्वारी करू नये हा काका अर्ताबानसचा सल्ला झर्क्सिसने मान्य केला, पण रात्री स्वप्नात एक भव्य पुरुष आला आणि स्वारी रद्द केलीस तर तुझा नाश होईल असं धमकावून गेला. अर्ताबानस म्हणाला, माणूस दिवसा ज्याचा घोर करतो तेच रात्री दिसतं. किती शहाणं बोलणं. पण राजाच्या आग्रहाखातर तो राजाची वस्त्रं घालून राजाच्या शय्येवर निजला, त्यालाही तोच पुरुष दिसला, आणि मग तोही स्वारीच्या बाजूचा झाला. इ. स. पूर्व 480 मध्ये ती अफाट फौज ग्रीसवर गेली आणि सालामिसच्या समुद्रात तिचं आरमार फुटलं. इ. स. 312 मध्ये रोमजवळच्या लढाईआधी कॉन्स्टंटाइनला स्वप्नात मिळालेली खूण सैनिकांच्या ढालींवर रंगवली गेल्याचं त्या काळच्या लेखकाने लिहिलं आहे. सत्तेला स्वप्नं हवीच असतात. तिला हवी असतात ती शंका मिटवणारी, आज्ञा देणारी.

म्हणून भेद करायला शिकावं लागतं. जे स्वप्न आपल्याला सांगतं की बाजू तुझी आहे, देव तुझा आहे, पुढे हो, ते बहुधा दिवसाच्याच घोषणांचा प्रतिध्वनी असतं. ज्या स्वप्नात आपल्याला आपलीच जागा अवघड होते, शत्रूला चेहरा येतो, आपल्या तोंडून निघालेलं वाक्य आपल्यालाच सहन होत नाही, त्याच्याजवळ थांबावं. तेही देववाणी नव्हे. ते आपल्याच मनाचं बोलणं आहे, दिवसा ज्याला बोलू दिलं नाही त्या भागाचं.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांचं इस्पितळ होतं. स्वप्नं विचारली गेली ती त्यांची. त्याच युद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या, पुणे डिव्हिजनमध्ये 103 आणि 110 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 पासून कूत-अल-अमारा इथे त्या वेढ्यात अडकल्या. अन्न संपत गेलं, घोडी आणि खेचरं कापून खायची वेळ आली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली. त्यानंतर कैद्यांची वाळवंटातून पायपीट सुरू झाली आणि वाटेत उपासमारीने, रोगाने माणसं पडत गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावाने त्या महायुद्धात 46 जवान गमावले. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. स्मारकाच्या दगडावर आकडा कोरला जातो. जे परत आले त्यांना रात्री काय दिसत होतं ते कोरायला कुणी बसलं नाही.

घराघरांतून मात्र त्याच्या खुणा ऐकायला मिळतात. ‘आमचे आजोबा झोपेत ओरडायचे.’ ‘त्यांना उठवायचं असलं तर लांबूनच हाक मारायची, अंगाला हात लावायचा नाही.’ ‘म्हातारा दिवाळीत फटाके वाजले की गोठ्यात जाऊन बसायचा.’ घरच्यांनी कुठे ताईत बांधला, कुठे देवऋषी गाठला, कुठे स्वभावच तापट म्हणून सोडून दिलं. पेन्शन, पदक, फोटो या गोष्टी जपल्या गेल्या. आणि त्या माणसाच्या शेजारी आयुष्यभर अर्धी रात्र जागी राहिलेली बायको? तिची झोप तर कुठल्याच दप्तरात नाही. शेवटचं प्रकरण मी या गप्प राहिलेल्या झोपेवर लिहिलं आहे. त्यात पुरावा थोडा आहे, आणि जिथे तो नाही तिथे मी कल्पनेने काही भरलेलं नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे: महाभारतातली स्वप्नं, क्रेगलॉकहार्ट, बर्लिन, जपान, आणि शेवटी आपल्याकडचं मौन. प्रकरणं कुठूनही वाचली तरी चालतील. वाचताना प्रत्येक स्वप्नाला तीन प्रश्न विचारावेत अशी माझी विनंती आहे. स्वप्न पाहणारा कुठे उभा आहे? चेहरा कुणाला आहे आणि कुणाला नाही? हुकूम कुणाचा चालतो? मला या विषयात आतापर्यंत जे काही उमगलं ते याच तीन प्रश्नांनी.

हे प्रश्न जागेपणीच्या गोष्टींनाही तितकेच लागू पडतात. मंत्र्याचं भाषण, वाहिनीवरची चर्चा, समाजमाध्यमांवर फिरणारी चित्रफीत, यांपैकी कशालाही ते विचारून पाहावेत. आपल्या देशाला शत्रू नाहीत असं मी म्हणत नाही, आणि सीमेवर उभ्या असलेल्या माणसाचं मोल मला कमी वाटत नाही. उलट ते मोल ओळखायचं असेल तर त्याला कुठे, कशासाठी आणि कुणाच्या शब्दावर पाठवलं जातं हे विचारणं हे आपलं, घरी सुरक्षित झोपणाऱ्यांचं, पहिलं कर्तव्य आहे. लोकशाहीत युद्धाचा निर्णय आपल्या नावाने घेतला जातो. ज्या गोष्टीवर आपलं नाव आहे तिचा हिशेब मागायला नागरिकाला कुणाची परवानगी लागत नाही, आणि तो मागायला युद्ध सुरू होईपर्यंत थांबूही नये.